भरल्या विमानास सूप जड

(तृतीय वर्ष, कला)

भरल्या गाड्यास सूप जड नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. आधीच एवढे ओझे, त्यात सुपाने काय व्हायचे? ही म्हण ज्याने केली तो नक्कीच गाडीवान असणार, आणि बैलांना विचारायला तो थांबला नसणार. एकूणच आपल्याकडे भरलेपणाला मान फार. भरले घर, भरला मळवट, भरलेले ताट, भरलेल्या कणग्या, भरलेली ओटी. पेट्रोल पंपावर एखादा माणूस रुबाबात 'टाकी फुल्ल कर' म्हणतो तेव्हा मागच्या रांगेतले लोकसुद्धा त्याच्याकडे जरा आदराने पाहतात. अशा संस्कारात वाढलेल्या माझ्यासारख्या मराठीच्या विद्यार्थ्याला, टाकी भरलेली असणे ही अडचण असू शकते, हे प्रथम ऐकले तेव्हा पटले नाही.

सांगणारी माझी थोरली बहीण. ती खानदेशातल्या एका धावपट्टीवर विमान चालवायला शिकते. आमच्या घरात आजवर सगळ्यात उंच जाणारा माणूस म्हणजे नारळ काढणारा एक चुलता. त्यामुळे ताईच्या शिकण्याचे आम्हाला अप्रूप, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाची धाकधूक. सुट्टीत ती घरी येते तेव्हा ओसरीवर वही पसरून बेरजा-गुणाकार करत बसते. मला वाटायचे, विमान चालवणे म्हणजे काहीतरी आभाळाशी संबंधित काम असेल. पण तिच्या वहीत आभाळ कुठेच नाही. वाण्याच्या वहीसारखी नुसती वजने.

वाचक मित्रहो, आकडे पाहून पान उलटू नका. मलाही गणित जमत नाही, तरी हे जमले.

ज्या दोन माणसांच्या विमानात बरेच जण शिकतात ते 'सेसना १५२'. त्याचे उड्डाणाच्या वेळचे जास्तीत जास्त वजन ठरलेले आहे : ७५७ किलो. रिकामे विमानच सव्वापाचशे किलोच्या आसपास भरते. टाक्या काठोकाठ भरल्या तर ९८ लिटर पेट्रोल बसते. हे पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, लिटरला सुमारे ७२० ग्रॅम. म्हणजे ७० किलो झाले. उरले १६२ किलो. त्यात शिकणारा आणि शिकवणारा अशी दोन माणसे, त्यांचे बूट, कागद, पाण्याची बाटली. दोघेही ऐंशीच्या आतबाहेर असतील तर ठीक. शिकवणारे सर चांगले खात्यापित्या घरचे आणि विद्यार्थीही पैलवान निघाला, की टाकी भरता येत नाही. मग पेट्रोल कमी घ्यायचे, आणि पेट्रोल कमी म्हणजे तितका वेळ हवेत कमी. ताई ५४ किलोची. तिच्याबरोबर उडायला सगळे सर खूष असतात, कारण तिच्याबरोबर टाकी भरून नेता येते. आमच्या आईने जन्मभर 'अगं खा जरा, वाऱ्याने उडून जाशील' म्हणून जिला हिणवले, तिला उडण्याच्या जागी असा भाव आला.

चार खुर्च्यांच्या विमानाची गोष्ट तर याहून गमतीची. खुर्च्या चार आहेत म्हणून माणसे चार बसवावीत, टाकी दोनशे लिटरची आहे म्हणून दोनशे लिटर भरावे, सामानाचा कप्पा आहे म्हणून सामान भरावे, असे केले तर बहुतेक वेळा विमान ठरलेल्या वजनाच्या बाहेर जाते. बनवणाऱ्याने जागा सगळ्या दिल्या आहेत, पण एका वेळी सगळ्या वापरण्याची परवानगी दिलेली नाही. माणसे न्यायची की लांब जायचे, हे आधी ठरवायचे. मला हे विचित्र वाटले, पण ताईला त्यात काही विचित्र वाटत नाही. ती म्हणाली, "सांगितलंय कुणी की खुर्ची म्हणजे हक्क?"

तिथे वजन उघडपणे विचारतात. आपल्याकडे बाईचे वय आणि पुरुषाचा पगार विचारू नये म्हणतात. वजन तर कुणाचेच विचारत नाहीत. तिथे भिंतीवर पाटीवर नावापुढे आकडा लिहिलेला असतो, आणि दिवाळीहून परत आलेल्या मुलाला पुन्हा काट्यावर उभे राहावे लागते. कुणी चार किलो चोरले तर ते पत्रकात दिसत नाहीत, पण विमानात बसतातच.

हे झाले वजनाचे. दुसरी गोष्ट ते वजन कुठे आहे याची, आणि ती मला ताईच्या वहीपेक्षा आमच्या आबांच्या बैलगाडीमुळे जास्त कळली. आबा कडब्याची गाडी भरायचे तेव्हा खाली उभे राहून सारखे ओरडायचे, 'पुढं दे, मागं दे.' दोन चाकांची गाडी आसावर तोललेली असते. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू आभाळाकडे उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर सगळे ओझे त्यांच्या मानेवर. कडबा तितकाच, पेंढ्या तितक्याच, फक्त हातभर मागे-पुढे. चढ लागला की आबा धुरेकडे सरकून बसायचे, उताराला मागे. त्यांना कुणी गुरुत्वमध्य शिकवला नव्हता. बैलांनी शिकवला होता.

विमानाचा आस म्हणजे त्याचे पंख. ताईच्या वहीत प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणलेले असते. 'सेसना १७२' या चार जणांच्या विमानात इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपासून अंतरे मोजतात : पुढच्या खुर्च्या ३७ इंचांवर, टाक्या ४८ वर, मागची बैठक ७३ वर, सामान ९५ वर. म्हणजे सामानाच्या कप्प्यातली एक पिशवी पुढच्या सीटवरच्या पिशवीपेक्षा अडीच पटीने बोलते. सगळ्या गुणाकारांची बेरीज एकूण वजनाने भागली की विमान कुठल्या बिंदूवर तोलले आहे ते कळते. पूर्ण भरलेल्या विमानात या बिंदूला पुढे-मागे सरकायला मोकळीक असते सात इंचांच्या आसपास. वीतभरसुद्धा नाही.

बिंदू फार पुढे गेला तर नाक जड होते आणि उतरताना ते वर उचलेनासे होते. फार मागे गेला तर जास्त वाईट. विमान शेपटीवर बसू पाहते, नाक आपोआप वर जाते, वेग पडतो, आणि वेग परत मिळवायला नाक खाली घालावे तर ते खाली येत नाही. उलाळ झालेली गाडी निदान रस्त्यावर तरी असते.

इतिहासाच्या तासाला आम्हाला लिंडबर्ग एका ओळीत सांगितला होता : १९२७ मध्ये एकट्याने, न थांबता, न्यूयॉर्क ते पॅरिस. ताईकडून कळले ते असे की त्या स्पर्धेत लिंडबर्गच्या आधीची काही माणसे समुद्र बघण्यापूर्वीच गेली. सप्टेंबर १९२६ मध्ये रेने फाँक या फ्रेंच वैमानिकाचे इंधनाने लादलेले विमान धावपट्टी संपली तरी उठले नाही. आत चौघे होते, दोघे जळून मेले. एप्रिल १९२७ मध्ये डेव्हिस आणि वूस्टर हे दोन अमेरिकन वैमानिक पूर्ण वजन घेऊन चाचणी करत असता मारले गेले. लिंडबर्गने सोबती घेतला नाही, रेडिओ घेतला नाही, पॅराशूट घेतले नाही, नकाशांच्या नको त्या कडा कापून टाकल्या. आणि सुमारे १,७०० लिटर पेट्रोल घेतले. उडताना विमानाच्या एकूण वजनापैकी निम्म्याहून जास्त वजन पेट्रोलचे होते. मोठी टाकी त्याने स्वतःच्या समोर बसवून घेतली. त्यामुळे तोल सांभाळला गेला, आणि आपटलो तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये चिरडायची भीती गेली. पण समोरचे काही दिसेना. पॅरिसपर्यंतचे साडेतेहतीस तास तो बाजूच्या खिडकीतून आणि एका लहानशा परिदर्शकातून बघत गेला. या माणसाच्या धाडसाबद्दल खूप ऐकले होते. त्याच्या काटकसरीबद्दल कुणी सांगितले नव्हते.

डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर ही दोघे 'व्हॉयेजर' नावाच्या विमानातून वाटेत इंधन न घेता पृथ्वीला फेरी घालून आली. नऊ दिवस लागले. निघताना विमान सुमारे ४,४०० किलो, त्यात जवळजवळ ३,२०० किलो इंधन. लांबलचक पंख इंधनाने इतके वाकले होते की त्यांची टोके धावपट्टीवर घासत गेली. वाटेत एका टाकीतून दुसरीत पेट्रोल फिरवत तोल राखायचा हे त्यांचे रोजचे काम होते. उतरले तेव्हा टाक्यांत पन्नास किलोच्या आसपास उरले होते.

आपल्याकडची गोष्ट मला मात्र वेगळ्या कारणाने आवडते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी लहानशा 'पस मॉथ' विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल घेतले. ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून आले, आणि डबे आले बैलगाडीतून! हे मी अण्णांना सांगितले तेव्हा त्यांनी ताबडतोब विचारले, "डबे आसावर ठेवले होते का?"

आता गेल्या मे महिन्याचे सांगतो. ताईच्या शाळेचे 'सेसना १७२' शिकाऊ फेरीवर आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या धावपट्टीवर येणार होते. पुढे सर आणि एक मुलगा, मागच्या जागेवर बघून शिकायला ताई. तिने आदल्या रात्री निरोप दिला आणि घरात लगबग सुरू झाली. आईने पहाटे उठून धपाटी केली, शेंगदाण्याची चटणी, वर दह्याचा सट. अण्णांनी धुतलेला सदरा काढला. शेजारच्या काकूही आल्या. अकराच्या सुमारास आम्ही कुंपणाच्या तारेला नाक लावून उभे. विमान आले, छान टेकले, थांबले. दार उघडले. दोन माणसे उतरली.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ती तिकडेच होती.

हिशेब असा होता. त्या विमानाची मर्यादा १,१११ किलो. रिकामे विमान ७५५. इकडे त्या विमानाचे पेट्रोल मिळत नाही, म्हणून जाण्या-येण्याच्या साडेतीन तासांचे बरोबर न्यायचे. वारा उलटा लागला तर, धावपट्टी ऐनवेळी बंद झाली तर दुसरीकडे जाण्यापुरते वर, आणि त्याच्याही वर हात न लावायची शिल्लक. सगळे मिळून १९० लिटर, १३७ किलो. माणसांना आणि सामानाला उरले २१९. सर ९२, तो मुलगा ८४, ताई ५४, पिशव्या-पाणी-दोर १०. बेरीज २४०. एकवीस किलो जास्त.

एकवीस किलो म्हणजे २९ लिटर, म्हणजे जवळजवळ पन्नास मिनिटांचे उडणे. तेवढे कमी भरून ताईला घेता आले असते. बहुतेक वेळा काहीही झाले नसते. वारा उलटा लागला नसता, धावपट्टी उघडीच राहिली असती. आणि नुसते वरून एकवीस किलो नेले असते तरी कदाचित विमान उठले असते, फक्त सावकाश. पण उन्हाळा होता. तापलेली हवा विरळ असते. पंखांना पेलायला आणि इंजिनाला ओढायला तिच्यात कस कमी. पुस्तकातली मर्यादासुद्धा अशा दिवशी उदार वाटते. ते पत्रक भरायची पाळी ताईचीच होती. तिनेच बेरीज केली, तिनेच मागच्या जागेपुढे शून्य मांडले. सरांनी सही केली. सोबतच्या मुलांनी हसून घेतले, "स्वतःचंच तिकीट फाडलंस की!"

अण्णा मात्र चिडले. पोरीला उतरवले, आणि पेट्रोल आणले! आमच्या कर्जाच्या हप्त्यांपर्यंत गोष्ट गेली. सर कुंपणापाशी आले, आईला नमस्कार केला, आणि पुढे केलेला डबा हातावर तोलून विचारले, "किती असेल?" आई म्हणाली, "दोन किलो असंल." त्यांनी तीन लिहिले. जाताना डबा मागच्या खुर्चीवर ठेवून त्याला पट्टा बांधला, कारण विमानात काही मोकळे ठेवत नाहीत. आई ते तारेतून बघत होती. येताना पासष्ट लिटरच्या आसपास जळले असणार. विमान इतके हलके झाले होते की परतीला ऐंशी किलोचा माणूस मर्यादेत बसला असता. मी हे हिशेब करून अण्णांना सांगितले. ती वेळ चुकीची होती.

रात्री त्यांनीच ताईला फोन लावला. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मागं बसणार होतीस ना तू? म्हणजे गाडी उलाळ झाली असती." ताई म्हणाली, "नाही अण्णा. पुढं दोघं जड होते, उलाळ नसती झाली. नुसती जड झाली असती." या दोन्हींतला फरक त्यांना लगेच कळला, मला तो कळायला दोन दिवस लागले होते. गाडी तोलात असून जड असू शकते, आणि हलकी असून उलाळ. दोन्ही वेगवेगळे तपासायचे. त्यानंतर त्यांनी पेट्रोलचे नाव काढले नाही.

बैलगाडीतला कडबा वाटेत कमी होत नाही, विमानातले इंधन होते. इथे आबांचे शास्त्र अपुरे पडते. ज्या विमानात टाक्या तोलाच्या बिंदूपाशी असतात तिथे फारसे बिघडत नाही. पण 'बीचक्राफ्ट बोनांझा'सारख्या विमानात टाक्या पंखांच्या पुढच्या कडेला असतात. पेट्रोल जळत जाते तसा पुढचा भार कमी होतो आणि बिंदू मागे सरकतो. निघताना सगळे नियमात, आणि उतरताना नियमाबाहेर, असे घडू शकते. म्हणून हिशेब दोनदा करायचा. 'पायपर'च्या लहान विमानांत एका वेळी डावी किंवा उजवी एकच टाकी चालू राहते. वैमानिकाने घड्याळ बघून बदलत राहायचे, नाहीतर एक पंख जड. आणि इतक्या सगळ्या यंत्रांच्या गर्दीत, टाकीत किती आहे हे बघायला ताई काय करते? पंखावर चढते, झाकण काढते आणि खुणा केलेली काठी आत बुडवते. काट्यावर तिचा विश्वास नाही. रॉकेलच्या पिंपात काठी घालून बघणाऱ्या आमच्या दुकानदाराची मला आठवण झाली. मग टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काचेच्या नळीत काढून त्यात पाणी आले आहे का ते बघते. निळसर रंगाचे असते ते.

तिने सांगितलेली एक हकीकत माझ्या मनातून जात नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट शहरात एकोणीस प्रवासी आणि दोन वैमानिक असलेले 'बीचक्राफ्ट १९००' विमान उडाल्या उडाल्या नाक वर करून गेले आणि कोसळले. एकवीसच्या एकवीस गेले. दोन दिवस आधी केलेल्या दुरुस्तीत शेपटीच्या पंखाची तार चुकीची लावली गेली होती, त्यामुळे नाक खाली आणायला पूर्ण जोर मिळत नव्हता. पण शिवाय विमान मागे जड होते. वैमानिकांनी पत्रक नियमाप्रमाणेच भरले होते. नियम सांगत होता की प्रवाशाचे सरासरी वजन इतके धरा. तो सरासरी माणूस कागदावर जुनाच राहिला होता. खरी माणसे त्याच्यापेक्षा वीस पौंडांहून जास्त भरत होती. नंतर ते आकडे वाढवले गेले. आम्ही साहित्याचे विद्यार्थी 'सामान्य माणूस' हा शब्द किती सहज वापरतो! त्याला काट्यावर उभे करून कुणी पाहिलेले नसते.

ताईला आता परवाना मिळण्याच्या बेतात आहे. मिळाला की आई-अण्णांना एकदा वर फिरवून आणायचे असे तिने ठरवले आहे, आणि त्यासाठी दोघांची वजने मागवली. "अंदाजे नको. त्या दिवशी घालाल त्या कपड्यांत, चपला घालून, पिशवीसकट." अण्णांचे सोपे होते. आई गेली कित्येक वर्षे 'पन्नासच्या आत' आहे. शेवटी मोंढ्यात ज्वारी घालायला गेलो तेव्हा अडत्याच्या काट्यावर तिला उभे केले. हमाल बाजूला तोंड करून हसत होते. ती नऊवारी सावरत, पोत्याकडे न बघता उभी राहिली. ६३ किलो ४०० ग्रॅम. "पोत्याचा बारदाना वजा केला का?" असे अण्णांनी विचारल्यावर ती दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

काट्याच्या चिठ्ठीचा फोटो मी ताईला पाठवला. तिने लगेच बसायच्या जागा कळवल्या : पुढे तिच्या शेजारी अण्णा, मागे आई. पुढे बसायची इच्छा आईची होती. त्यावर सध्या घरात वाटाघाटी चालू आहेत. शिवाय आईला वर जाताना खण आणि नारळ बरोबर न्यायचा आहे, आणि ताईने विचारले आहे की नारळ सोललेला की न सोललेला.